सोडणाईला काय सोडलं

१६ नोव्हेंबर १९६९, रविवार. देवपूर, धुळे

आलो एकदाचे. रत्नागिरीहून धुळं म्हणजे काय थट्टा आहे? दोन दिवस एस.टी.त बसून अंगाचा नुसता भुगा झालाय. पण घर बघितलं आणि शीण उतरला. ह्यांनी पत्रात लिहिलं होतं, खोल्या बऱ्या आहेत. ह्यांच्या भाषेत बऱ्या म्हणजे गोठ्यापासून राजवाड्यापर्यंत काहीही असू शकतं, म्हणून मी धास्तावूनच आले होते. पण माडीवरच्या दोन स्वच्छ खोल्या, पुढे गॅलरी, स्वतःचा नळ आणि खिडकीतून पांझरेचं पात्र. मला आणखी काय पाहिजे?

हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर. बदली ऑगस्टातच झाली होती. मी आणि उल्का दिवाळी उरकून आलो. घरमालक भिकमचंदशेठ, धान्याचे व्यापारी, मूळचे मारवाडातले. त्यांची बायको धनकुंवर. तिला सगळे काकी म्हणतात. पंचेचाळिशीची असेल, मूलबाळ नाही. आल्या आल्या चहा आणि शेव घेऊन वर आली, उल्काला मांडीवर घेतलंन ते अर्धा तास खाली ठेवलंच नाही. मला ते फारसं रुचलं नाही. पहिल्याच दिवशी परक्याचं मूल एवढं कवटाळतात का कोणी? ह्यांना म्हटलं तर म्हणाले, तुझा स्वभाव संशयी. असेल. संशयी माणसाच्या घरातून भांडी तरी चोरीला जात नाहीत.

उल्का दिवसभर माझ्या मागे. आई हे काय, आई ती नदी कुठे जाते, आई इथले लोक असं का बोलतात. पाच वर्षांची पोर, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. शेवटी मी ओरडले, जरा वेळ आई आई करू नकोस, माझे कान किटले.

१९ नोव्हेंबर

उल्का कालपासून शाळेत जायला लागली. मीही इथल्या बोलीचा अभ्यास चालवलाय. दूधवाल्या उखर्डूने विचारलं, दूध किती लेवानं शे? 'शे' म्हणजे आहे, हे मला कळायला त्याला तीनदा सांगावं लागलं. बठ्ठा म्हणजे सगळा. चांगला माणूस आहे, पण पाणी घालतो. मी डोळ्यांदेखत मापायला लावते.

इथे मला सगळे उल्काची आई म्हणतात. उखर्डू, काकी, शाळेतल्या बाई, सगळेच. माझं नाव काय हे अजून कुणी विचारलंही नाही. ह्यांनी तरी कुठे घेतलंय? लग्नात तांदळात लिहिलं तेव्हा एकदा, आणि उखाण्यात एकदा. उल्का झाल्यापासून घरातसुद्धा मी 'उल्काची आई, पाणी दे' हीच. मला त्यात कमीपणा वाटत नाही. उलट छातीशी काही धरून चालल्यासारखं वाटतं.

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली. दारावर पेरू आले होते, टपोरे. खाली काकी गहू निवडत होत्या, म्हटलं एक घ्या. त्या माझ्या तळहाताकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, काय घेऊ? मी पेरू त्यांच्या नाकाशी नेला. त्यांची नजर त्याच्यावरून सरळ निघून गेली, माझा हात रिकामा असल्यासारखी. थट्टा करताहेत म्हणावं तर बाई थट्टेखोर नाही. तेवढ्यात शेठजी बाहेर आले आणि म्हणाले, तिला नका देऊ, तिने ते सोडणाईला सोडलंय.

मग सगळं ऐकलं. शिरपूरच्या पुढे सातपुड्यात सोडणाई देवीचा डोंगर आहे. मोठं जागृत स्थान, पार मध्य प्रदेशातून लोक येतात. काशीला गेलं की माणूस आवडीचं फळ सोडतो ना, तसंच इथेही सोडायचं. फरक एवढाच की इथे त्याचं नाव सोडतात. देवीच्या कानात ते नाव सांगायचं आणि खाली उतरायचं. पुन्हा ते नाव तोंडी येत नाही, आणि नावापाठोपाठ ती वस्तूही त्या माणसापुरती जाते. बदल्यात देवी मागणं पुरं करते. शेठजी विषमज्वराने अंथरुणाला खिळले होते तेव्हा काकींनी हे सोडलं, आणि शेठजी उठून बसले.

वीस वर्षं पेरू बघून न बघितल्यासारखं करायचं म्हणजे केवढा सराव. ढोंग म्हणावं, तर कशासाठी? मला ती बाई कळत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल कार्तिकी पौर्णिमा, सोडणाईची जत्रा. मीच हट्ट धरला. ह्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण रविवार होता, आले. पहाटेच्या एस.टी.ने आग्रा रोडने तापीचा पूल ओलांडून शिरपूर, तिथून बैलगाडी. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. उल्का म्हणाली, आई, शेतात कुणीतरी उशी फाडली. गाडीवान इतका हसला की बैल थांबले.

पायथ्याशी पेढ्यांची, बांगड्यांची दुकानं. पायऱ्या उंच, माझा दम निघाला. एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. चढणारी माणसं बडबडत होती आणि उतरणारी गप्प होती.

मला काय मागायचं ते पक्कं होतं. कोकणात परत बदली. हे धुळं चांगलं आहे, पण माझी आई तिकडे एकटी आहे, आणि मला समुद्र नसला की जेवण जात नाही. सोडायचं काय, तेही मी आधीच ठरवलं होतं: फणस. जीव की प्राण आहे माझा, कुणीही साक्ष देईल. पण खानदेशात फणस बघायला तरी मिळतो का? आणि बदली झाल्यावर बघू पुढचं पुढे. देवी काय रत्नागिरीला येऊन माझं ताट तपासणार आहे?

उल्काला मात्र पायरीवर बसवून नीट समजावलं. म्हटलं, आपल्याला जे सगळ्यांत आवडतं तेच सोडायचं. लबाडी करायची नाही. देवीला कळतं. तिने डोळे मोठे करून विचारलं, सगळ्यांत म्हणजे सगळ्यांत? मी म्हटलं हो. वाटलं, लिमलेटच्या गोळ्या सोडील, दात तरी वाचतील.

देवीला तोंड नाही, डोळे नाहीत. एक मोठी शिळा आणि तिला दोन भलेमोठे कान, लोकांच्या ओठांनी गुळगुळीत झालेले. शेजारी भिकुबाई नावाची म्हातारी गुरवीण बसते. हे बाहेर चपला राखत उभे राहिले. मी वाकून फणस म्हटलं. कान गार होता. मग उल्काला उचलून धरलं. तिने काहीतरी इवलंसं सांगितलं आणि मान वळवून माझ्याकडे बघून हसली, शहाण्यासारखं वागल्यावर हसते तशी.

भिकुबाई कानाला लागूनच बसलेली. तिने आधी पोरीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "पोरले काय शिकाडं तू, बाई?"

मला राग आला. मी म्हटलं, खरं बोलायला शिकवलंय. म्हातारीने तांदळाचे दाणे उल्काच्या मुठीत ठेवलेन आणि मूठ किती तरी वेळ सोडली नाही. इथल्या बायकांना दुसऱ्याच्या पोरीला धरून ठेवायची भारी खोड.

येताना गाडीत उल्का झोपली. काय सोडलंस विचारलं, तर ओठांवर बोट.

२७ नोव्हेंबर

तीन दिवस उल्का मला हाक मारत नाही. पदर ओढते, 'अगं इकडे बघ' म्हणते, समोर येऊन उभी राहते. रुसलीय म्हणावं तर हसते, जेवते. आज मुद्दाम स्वयंपाकघरात लपून बसले. ती घरभर फिरली, दाराशी थांबली, तोंड उघडलंन, पुन्हा मिटलंन, आणि खाली काकींकडे गेली.

मी ह्यांना म्हटलं, ही बाई पोरीला काहीतरी शिकवते आहे. हे म्हणाले, शिकवते म्हणजे काय, पापड लाटायला शिकवते. पण मी माडीवरून बघत असते. काकी तिच्या केसांना तेल लावतात, वेण्या घालतात. माझ्या पोरीचे केस मला सांगितल्याशिवाय विंचरायचे नाहीत असं मी आज खाली जाऊन सांगून आले. काकींचा चेहरा पडला. पडू दे.

३० नोव्हेंबर

आईचं पत्र आणि पुडकं आलं. आमसुलं, आंबापोळी, कुळथाचं पीठ. आणखी एक काहीतरी पाठवलंय म्हणून लिहिते, 'तुझ्या आवडीची' असं म्हणून पुढे एक शब्द आहे तो लागत नाही. आईचं अक्षर हल्ली बिघडलंय. पुडक्यात तर दुसरं काही नव्हतं.

पण दुपारी हे जेवून उठले आणि बोटं चाटत म्हणाले, वा, अजून मऊ आहे. मी म्हटलं काय मऊ आहे? ह्यांनी हात पुढे केला. हातात काही नव्हतं. उल्काने त्या रिकाम्या हातातून काहीतरी उचललं आणि तिचे गाल फुगले. ती चावत होती. लाळ तिच्या हनुवटीवर आली, तेव्हा पुसायला मी बोट लावलं आणि बोट चिकट झालं.

मग ही वही उघडली. मी देवीला काय सोडलं ते चोवीस तारखेला लिहिल्याचं आठवतं. त्या जागी शाई आहे, पण नजर ठरत नाही, डोळ्यांत धूळ गेल्यासारखं होतं. कुठलंतरी फळ होतं. मोठं.

म्हणजे काकी ढोंग करत नव्हत्या.

३ डिसेंबर

बदलीचा अर्ज न करता ह्यांच्या हापिसात रत्नागिरीच्या जागेची बोलणी सुरू झालीत. हे खुशीत आहेत. मला आनंद व्हायला हवा. मी दिवसभर एकच विचार करते आहे: उल्काने काय सोडलं?

गोळ्या अजून खाते. बाहुली घेऊनच झोपते. काकींना विचारलं, तुम्हाला काही बोलली का. त्या नाही म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. लपवताहेत. त्यांना मूल हवं होतं, पंचवीस वर्षं हवं होतं. भिकुबाईची आणि त्यांची ओळख जुनी. मी हे उगाच लिहीत नाही.

५ डिसेंबर

आज उल्का जिन्यावरून पडली. चार पायऱ्या गडगडली, गुडघा फुटला. मी वरून बघत होते. मूल पडलं की काय ओरडतं? मराठी पोर दुसरं काय ओरडणार? तिने तोंड उघडलं, पूर्ण उघडलं, छाती भरून श्वास घेतलान आणि काहीच आलं नाही. ओठ हलले. मग नुसता आवाज आला, गुराचा यावा तसा.

मी तिला उचललं. तिने माझ्याकडे बघितलं आणि घाबरून अंग आखडून घेतलं.

७ डिसेंबर

आज सकाळी दार लावून तिला समोर बसवलं. ओरडले नाही. विचारलं, बाहुली सोडलीस का? नाही. गोळ्या? नाही. बाबा? नाही. मग काय ते मला सांग, मी कुणाला सांगणार नाही.

तिने बाहुली खाली ठेवली. मग माझ्याकडे बोट केलंन.

"ते. पण त्याचं नाव आता मला येत नाही."

तिने आई सोडली. मी पायरीवर बसून शिकवलं, सगळ्यांत आवडतं तेच सोडायचं, लबाडी करायची नाही. मी लबाडी केली आणि माझ्या पोरीने केली नाही. तिने आई सोडली, मला सोडलं. मी रडले तर ती उठून दूर जाऊन उभी राहिली, अनोळखी बाई रडताना पोरं उभी राहतात तशी.

८ डिसेंबर

दुसरा शब्द शिकवून बघितला. इथे खेड्यातल्या बायका माय म्हणतात. म्हटलं माय म्हण. म्हणाली, किती छान म्हणाली. मी जवळ घ्यायला हात पसरले. ती जिना उतरून गेली आणि काकींना माय म्हणून बिलगली.

काकींनी वर माझ्याकडे बघितलं. त्या रडत होत्या. आनंदाने रडत होत्या की कशाने, मला सांगता येत नाही.

ह्यांना सगळं सांगितलं. हसले. म्हणाले, पोरं असंच करतात, मी बोलतो तिच्याशी. मग तिला हाक मारून म्हणाले, उल्का, असं करू नये, जा, तुझ्या — आणि थांबले. कपाळ चोळलं. म्हणाले, जा, हिच्याकडे जा.

९ डिसेंबर

परवाच्या पानावर मी एक शब्द दोनदा लिहिला होता. आज तिथे नुसते डाग दिसतात. आज सकाळी तवा हाताला लागला, आणि भाजल्यावर जे आपोआप तोंडातून येतं ते आलं नाही. दोन शब्द असतात. दुसरा 'गं' असतो, तो आला. पहिला —

नुसतंच गं म्हणत उभी होते.

१० डिसेंबर

एकटी डोंगरावर जाऊन आले. पहिली एस.टी. धरली, संध्याकाळच्या आत परत. जत्रा नसल्याने वर कुणी नव्हतं. भिकुबाईने मला लगेच ओळखलं. तिच्या पायांवर डोकं ठेवलं, संशय घेतल्याची माफी मागितली. म्हटलं, काकींनी तर फळ सोडलं, शेठजींना ते दिसतं, बाजारात आहे, कुठे नाहीसं झालं नाही. मग मी का सगळ्यांच्या तोंडातून चालले आहे?

तिने सांगितलं. फळ सगळ्यांचं असतं. एकीने सोडलं तरी बाकीच्यांसाठी झाडावर राहतं. मी एकाच पोरीची होते. तिने सोडल्यावर मला धरून ठेवणारं दुसरं कुणी उरत नाही.

परत कसं मिळेल विचारलं. म्हणाली, "जिनी सोडं, तिनीच पाछं मांगनं. त्याच कानमा. तेच नाव लेवानं." तिच्या तोंडून त्याच कानात तेच नाव यायला हवं. मी म्हटलं, ते तिला येत नाही हो. म्हातारीने हात जोडले आणि दिव्यात तेल घालायला गेली.

११ डिसेंबर

रत्नागिरीचं पत्र आलं. खाली 'तुझी' असं लिहिलंय. पुढे डाग. कुणाची आहे मी? कोण आहे ती बाई, जी मला इतकं लांबलचक लिहिते, अंगावर पांघरूण घेत जा म्हणते?

सही समजत नाही, पण पत्र छातीशी धरून बसले होते.

१२ डिसेंबर

बदलीचा हुकूम आला. देवीने शब्द पाळला. हे रविवारी निघणार, उल्काला घेऊन. सामान बांधायला काकी वर आल्या होत्या. मी गॅलरीत उभी. हे बाहेर आले, मला बघून जरा संकोचले. सदऱ्याचं बटण लावलं. आठ वर्षांत हे माझ्यापुढे कधी बटण लावत बसले नाहीत.

"आमची बदली झाली, तुम्हाला कळलंच असेल. तुम्ही इथेच राहणार का?"

तुम्ही म्हणाले. मला. मी माझं नाव सांगितलं, लग्नातलं, त्यांनीच तांदळात लिहिलेलं. छान नाव आहे म्हणाले. उल्काची कोण ते सांगायला गेले. उल्काची — उल्काची — ते भल्या माणसासारखे थांबून राहिले, मग आत गेले. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

आत काकींना विचारत होते, ही बाई पोरीच्या मागे का असते? काकी म्हणाल्या, मलाही भीती वाटते. म्हणाल्या, परवा पोरीला खोलीत कोंडून रडवत होती. पोरं पळवणाऱ्या बायका हिंडतात हल्ली.

मी त्यांच्यावर संशय घेतला त्याचं हे —

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा. सुटताना फाटकाशी गेले. बाईंनी विचारलं, तुम्ही हिच्या कोण? तोंड उघडून उभी राहिले. बाईंनी उल्काला विचारलं, ओळखतेस का? ती म्हणाली, ह्या माडीवर राहतात. बाई शिपायाला हाक मारायला वळल्या.

मी तिचा हात धरला. पेढे देते म्हटलं. देवीच्या डोंगरावर. आली. पेढ्यासाठी कुणाबरोबरही जाते का गं तू? कुणी शिकवलं नाही का तुला —

एस.टी.त लोक बघत होते. एकाने विचारलं, पोर कोणाची? उल्का म्हणाली, माझ्या बाबांची.

शिरपूर. बैलगाडी नाही, जीप मिळाली. पुढच्या बाकावर बसलेला सारखा मागे वळून —

पायऱ्या. उन्हं अजून वर आहेत. ती दमली, उचलून घेतलं. अंगाला वास तोच, तेलाचा, दुधाचा. तिची नजर माझ्यावरून सरकते. काकींची सरकली होती तशी. मध्येच विचारते, मला कोण उचलतंय?

खाली दुसरी जीप थांबली. माणसं उतरली. हे आहेत. शेठजी. एक पोलीस. उल्का, उल्का म्हणून हाका. मला कुणी हाक मारत नाही.

वर आलो. भिकुबाई. दार लोटून घेतलंन. आतून. म्हणाली लवकर.

पोरीला कानाशी धरलंय. म्हण. ती विचारते काय म्हणू. काय म्हणू? मला — ते मला येत नाही. मी, जी तेच आहे, मलाच —

वही. ह्या वहीत आहे. पहिल्या पानावर. ओळीओळीला आहे. मी लिहिलं होतं, माझे कान किटले. मला ते नुसते डाग दिसतात. पण तिने सोडलं त्याला तीन आठवडे झाले, तेव्हापासून शाळेत बाईंनी अक्षरं — तिला शब्द येत नाही. अक्षरं येतात. अक्षर म्हणजे शब्द नव्हे. शाईकडे बघ बाळ, माझ्याकडे नको. ही रेघ. इथे बोट ठेव. काय आहे?

दारावर थापा. हे ओरडताहेत, बाई, पोरीला सोडा, आम्ही काही करणार नाही.

एक मिनिट. देवा, एक मिनिट.

बोट ठेवलंन. वाचते आहे. ओठ कानाला लागलेत. म्हणाली, आगगाडीचा आ.

आ.

अंगातून काहीतरी गेलं माझ्या. तिने माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं, सरळ. हो बाळ, पुढचं. पुढचं अक्षर. दोनच आहेत.

कडी हलते आहे. भिकुबाई पाठ लावून —

ती बोट तसंच धरून बसलीय. म्हणते, हे अजून शिकवलं नाही. बाई म्हणाल्या सोमवारी